अँटवर्प : परिषदेस जाणाऱ्यांसाठी

उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनासाठी बेल्जियममधील अँटवर्प ख्यातनाम आहे. १९७६ साली आफ्रिकेतून थर्मासमधून आलेला इबोलाचा रक्तनमुना याच नगरीत तपासला गेला. येथील वैद्यकीय परिषदेस जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा वेळेत मिळवावा. ब्रुसेल्स विमानतळावरून थेट रेल्वे आहे. १९०५ चे भव्य मध्यवर्ती स्थानक, त्यालगतचे परिषदगृह आणि हिऱ्यांची बाजारपेठ पायी अंतरावर आहेत.

आहाराबाबत मात्र दक्षता हवी. तेथील सुप्रसिद्ध बटाट्याच्या फ्राइज परंपरेने गाय-बैलांच्या चरबीत तळल्या जातात. म्हणून वरकरणी शाकाहारी वाटणारा पदार्थही विचारूनच घ्यावा. तूप-पेढे नेण्यास युरोपात मनाई आहे. खाखरे सोबत असावेत. विल्राइक उपनगरातील संगमरवरी जिनमंदिराच्या दर्शनासाठी एक सकाळ अवश्य राखून ठेवावी.