१० बाय १२च्या हॉलमध्ये केळीची बाग

जळगावला माझ्या मावसबहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हॉल १० बाय १२ फुटांचा. त्यात दिवाण, टीव्ही, शिलाई मशीन आणि उन्हाळाभर खिडकीत कूलर. भिंतीवर तर बोट ठेवायला जागा नव्हती. बँकेचं कॅलेंडर, लग्नाचा फोटो, मुलाची प्रमाणपत्रं, सासऱ्यांची हार घातलेली तसबीर, गजानन महाराज. बाई शाळेत चित्रकला शिकवतात, पण स्वतःचं एक चित्र घरात नव्हतं. विचारलं की म्हणायची, ‘‘एवढ्याशा घरात कुठे लावू?’’

मुलांची सहल घेऊन ती अजिंठ्याला गेली आणि हे पालुपद थांबलं. जळगावहून लेणी साठेक किलोमीटर, त्यामुळे तिथलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र तिने आधीही पाहिलेलं. या खेपेला तिचं लक्ष आकारांकडे गेलं. बोधिसत्त्वाभोवती माणसं, माकडं, मोर, झाडी यांची नुसती दाटी आहे, तरी नजर भिरभिरत नाही. मधली आकृती बाकीच्यांहून कितीतरी मोठी आहे, म्हणून. घरच्या भिंतीवर नेमकं उलटं होतं. सगळं सारख्याच मापाचं, आणि नजर प्रत्येक चौकटीला अडखळणारी. त्याने खोली आणखीच आखूड वाटे.

जागेची सबब तर चाळीसगावच्या केकी मूस यांनी कधीच खोटी ठरवली होती. स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास ५० वर्षं स्वतःला कोंडून घेतलेला हा छायाचित्रकार १९८९ मध्ये गेला. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून तो अख्खा देखावा उभा करायचा.

मग तिने भिंतीवर स्वतःचं एकच मोठं चित्र लावायचं ठरवलं. विषय माहेरचा, रावेरचा. दुकानांत मिळतात ते धावणारे सात घोडे, नाहीतर बर्फाचे डोंगर. ४५ अंशांत बसून बर्फ बघायची आपल्याला भारी हौस! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दिवाणखान्यात केळीला मान नाही. हिने सुटीत माहेरच्या पडवीत पाच बाय चार फुटांचा कॅनव्हास रंगवला. पानं पार कडेपर्यंत, वाऱ्याने चिरलेली. घड एकच, तोही अर्धा चौकटीबाहेर.

कॅनव्हास तिसऱ्या मजल्यावर नेताना जिन्याच्या वळणावर अडला. मग लाकडी चौकटीवरून तो सोडवला, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड पीव्हीसी पाइपावर गुंडाळला (जळगावात पाइपाला काय तोटा!) आणि हॉलमध्ये पुन्हा ताणून बसवला. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो दाबला जातो, सुरकुततो.

भिंत कोणती, यावर खल झाला. कूलरसमोरची भिंत सर्वांत मोठी, पण ओलसर वारा थेट लागला की कापड सैल पडतं. म्हणून दिवाणामागची भिंत ठरली. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवतात, कारण तिथे माणूस उभा असतो. घरात आपण बसलेले असतो, म्हणून इथे चित्र त्याहून खाली आणलं. प्रमाणपत्रं फाइलमध्ये गेली. सासऱ्यांची तसबीर देवघराशेजारी. तेवढं सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं.

हे पाहून आमच्या धुळ्याच्या भावानेही घरात मोठं चित्र लावायचं ठरवलं. त्याचं घर जुन्या पेठेत. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची पेठ आखली, रस्ते सरळ काढले. भावाची खोली मात्र बोळासारखी, लांबच लांब आणि अरुंद. लांब भिंतीवर मोठी फ्रेम लावली तर मागे सरायला वाव नाही, चित्र कधी अख्खं दिसेचना. वर काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. शेवटी दारासमोरच्या आखूड भिंतीवर ते नेलं आणि काच काढून टाकली. आता ओटा चढतानाच चित्र पूर्ण दिसतं आणि खोलीची लांबी कामी येते.

श्रावणात जळगावला बहिणीच्या घरी कानबाई देवी बसली. भाऊबंद जमणार, रोटांचा नैवेद्य होणार, म्हणून घर धुऊन-पुसून लख्ख केलेलं. चौरंग नेमका दिवाणाच्या जागी मांडायचा होता. चित्र उतरवायचं का, असं बहिणीने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘कशाले? केळी तर पाहिजेच.’’

चौरंगाला बांधायला केळीचे खांब मात्र त्यांनी बाजारातून आणवलेच.