चामखीळ म्हणजे नेमके काय?

मानेवर लोंबणारे मऊ बोंड, बोटावरचा खरखरीत उंचवटा, तळपायात रुतणारा कठीण ठिपका. पुण्यात माझ्याकडे त्वचा दाखवायला येणारी माणसे या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतात: चामखीळ. संस्कृतातल्या ‘चर्मकील’चे हे मराठी रूप. चर्माचे ‘चाम’ झाले, चामड्यात आणि चांभारात आहे तेच. आणि कीलाची ‘खीळ’ झाली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चर्मकील येते ते मूळव्याधीच्या प्रकरणात, कारण सुश्रुताच्या लेखी मूळव्याधीचे मोड हीसुद्धा मांसाचीच वाढ. वाग्भट तर त्या मोडांनाही मांसाचे खिळेच म्हणतो. आपला ‘मस’ मषकातून आला. न दुखणारा, उडदासारखा काळा आणि उंच, असे सुश्रुताने त्याचे वर्णन केले आहे. किती बारकाईने पाहिले होते या लोकांनी!

पण ही नावे रूपावरून पडली, कारणावरून नव्हे. आणि उपचार ठरतो तो कारणावरून.

मानेवरची, काखेतली मऊ, देठावर लोंबणारी वाढ संसर्गजन्य नसते. ‘डॉक्टर, लग्नाआधी एवढी काढून द्या हो,’ म्हणून कोणी येते, तेव्हा मी आधी मानेची मागची बाजू बघतो. तिथली कातडी काळपट, मखमली, जाडसर झाली असेल, घासून घासूनही उजळत नसेल, तर रक्तातली साखर तपासायला सांगतो. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. वाढ कॉटरीने काही मिनिटांत निघते. साखरेकडे मात्र पुढे लक्ष ठेवावे लागते.

खरखरीत चामखीळ विषाणूची, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची. वरचा थर हलकेच खरवडला की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळे समजतात; त्या असतात रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. तळपायावर कुरूप आहे की चामखीळ, याचा अंदाज बोटांनीही येतो: कुरूप सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. दाढीचे ब्लेड तिच्यावरून फिरले की त्याच रेषेत नव्या उगवतात. मुलांच्या मात्र कित्येकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात.

याच विषाणूच्या 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवरची सर्व्हाव्हॅक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. तिला 2022 मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या दोन प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, पुढच्या दोहोंमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. हातापायांवरच्या चामखिळींसाठी ती लस नाही, पण नऊ वर्षांपुढच्या मुलींच्या आईवडिलांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

घोड्याचा केस बांधणे, चुना आणि धुण्याचा सोडा लावणे हे आता थांबवा. चुना-सोड्याने कातडी भाजते, व्रण आयुष्यभर राहतो. आणि जी ‘चामखीळ’ भराभर वाढते, रंग बदलते किंवा जिच्यातून रक्त येते, तिला घरी हात न लावता लगेच डॉक्टरांना दाखवा.