झेडपी हवी, आणि जमिनीच्या अधिकारासकट

झेडपी मोडीत काढा आणि पैसा थेट ग्रामपंचायतीला द्या, असं मी बरीच वर्षं हिरिरीनं सांगत आलो. ‘मिनी मंत्रालया’त बदल्या आणि टेंडरं यांपलीकडे काही शिजत नाही, अशी माझी खात्री होती. आपला नगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगराचं आणि जामखेडच्या कोरडवाहू शिवाराचं एकच सभागृह काय ठरवणार? चौदाव्या वित्त आयोगानं 2015 पासून जिल्हा परिषदेला वगळून ग्रामपंचायतींना निधी दिला, तेव्हा मी खूश होतो. वादात हुकमी पत्ताही घरचाच, हिवरे बाजार. तिथल्या ग्रामसभेनं पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीला बोअर नको असं ठरवलं आणि ते पाळलंही.

मत पालटलं ते नगरलगतच्या केडगावात राहून. पुणे रस्त्याच्या कडेनं शेतं मोडून गुंठे पडले, गुंठ्यांवर घरं आली. एका लेआउटचा रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाशी थांबतो. ओढा कुठून वाहत होता, हे पाऊस झाल्यावरच कळतं. मीही प्लॉट घेताना सात-बारा चार वेळा वाचला, पण सांडपाणी कुठे जाणार हे विचारलं नाही. 2003 मध्ये नगरची महापालिका झाली, आज केडगाव तिच्या हद्दीत आहे. पण बांधलेल्या घरांमधून रस्ता कोण काढणार? आता तेच हद्दीबाहेरच्या नेप्ती-अरणगावच्या वाट्याला येतंय.

हिवरे बाजारचं पाणी आजूबाजूच्या डोंगरांवरून त्यांच्याच शिवारात उतरतं, म्हणून तिथे ग्रामसभा पुरते. हमरस्त्यावरच्या गावाला पाणी वरच्या गावाकडून येतं, सांडपाणी खालच्या गावात जातं आणि माणसं कामाला सुप्याच्या एमआयडीसीत. एका गावानं प्लॉटिंगला नाही म्हटलं की ते शेजारच्या गावात सरकतं. शिवाय जमीन विकणारा बहुधा सरपंचाच्याच भावकीतला असतो.

गावठाणाबाहेरच्या लेआउटची मंजुरी महसूल आणि नगररचना यांच्या हातात. प्रादेशिक आराखडा 1966च्या कायद्याखाली राज्य सरकार मंजूर करतं. अशा नव्या वस्तीतल्या पोरांना शाळाखोली, आरोग्य केंद्र, रस्ता मात्र झेडपीनं द्यायचा. घरं किती व्हावीत यात तिचा शब्द नाही, ती झाल्यावरचा बोजा मात्र तिचा! वसंतराव नाईक समितीनं जिल्ह्याला बळ द्यायचं म्हटलं, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या. त्यांना कामं मिळाली, जमीन नाही. जिल्हा नियोजन समितीत निवडून आलेले सदस्य बसतात खरे, पण खुर्ची पालकमंत्र्यांची. केरळनं 1996 मध्ये योजनेच्या पैशातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला, तर तिथे आभाळ कोसळलं नाही.

तेव्हा लेआउटची मंजुरी झेडपीकडे द्यावी, नगररचनेचे अधिकारी तिच्या हाताखाली द्यावेत, असं मी आता म्हणतो. ऐकणारे हसतात, कारण मार्च 2022 मध्ये आपल्या झेडपीची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. सभागृहच नाही, अधिकार कुणाला देणार? आधी निवडणूक, हे मला मान्य. काही सदस्यांचा प्लॉटिंगचा धंदा असणार, हेही मान्य. त्यांना पाच वर्षांनी पाडता येतं. नगररचनेच्या साहेबाची बदली होते, आणि त्यात आपल्याला कुणी विचारत नाही.