रंगांचे कपाट

रंगांचे कपाट बंद ठेवले म्हणजे रंग पुरतात, अशी शाळाशाळांतून एक जुनी समजूत आहे. पुरतात खरे, पण ते वाळून! पोस्टर रंगाच्या बाटलीचे झाकण एकदा धरून बसले की चौघींनी फडके लावून पिळले तरी हलत नाही. (झाकणाच्या आट्यांना आधीच तेलाचे बोट लावावे.) आणि किल्ली? ती नेमकी रजेवर गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये असते.

१९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया मॉन्टेसोरींनी आपले पहिले बालगृह उघडले. तिथेही साहित्याच्या कपाटाला कुलूपच असे. एके दिवशी शिक्षिका उशिरा आली; कुलूप लावायचे राहून गेले होते. पाहते तो मुलांनी आपापली साधने काढून घेतलेली आणि काही तर कामालाही लागलेली! शिक्षिकेला ती चोरी वाटली. मॉन्टेसोरीबाईंना त्यात निवड दिसली. त्यांनी मुलांच्या हाताला पोचतील अशी बुटकी कपाटे आणवली.

आमच्या दुसरीच्या वर्गात बुटके कपाट कुठले असायला? खिडकीखालच्या कट्ट्यावर आम्ही मिठाईची रिकामी खोकी मांडली आणि मेणखडू रंगवार टाकले. खोक्यावर रंगाचे नाव न लिहिता तोच रंग फासला. दिवाळीतल्या रांगोळीवालीच्या ढिगांवर तरी कुठे नावे असतात? पेन्सिलींसाठी लाकडी ठोकळ्याला ४० भोके पाडून घेतली. मोजदाद नको, रिकामे भोक आपण होऊन बोलते. ब्रश थंड पाण्यात धुऊन, केस वर करून उभे ठेवायचे. पाण्यातच राहिले तर टोक वाकते ते वाकतेच. पाण्याला करवंट्या. त्या डुगडुगत, तर एका मुलीने आजीची युक्ती आणली: खाली फडक्याची चुंबळ.

हा सारा खटाटोप टापटिपीच्या हौसेपायी मात्र नव्हता. चित्रकलेच्या तासाला "बाई, रंग विसरलो" म्हणणारी दोनतीन मुले प्रत्येक वर्गात असतात. एक मुलगा सलग पाच आठवडे विसरत होता. ते विसरणे नव्हते; घरी रंगपेटीच नव्हती. शेजारचा तर २४ रंगांची पेटी कोपराने झाकून बसे. म्हणून नियम केला: पेट्या घरी राहतील, ज्याच्याकडे असतील त्याने थोडे खडू खोक्यांत टाकावेत, आणि खोकी सगळ्यांची.

एका आईने हरकत घेतली. "आमच्या बाळूचे महागाचे खडू इतरांनी का मोडायचे?" प्रश्न गैर नव्हता. मोडतात खरेच. पण तुकड्याचा कागद सोलून तो आडवा फिरवला की चार फटक्यांत आभाळ भरते. अख्ख्या खडूच्या टोकाने त्याला अर्धा तास लागतो. बाळूनेच हे घरी करून दाखवले, तेव्हा त्या थोड्या निवळल्या. पुरत्या नव्हे.

पाच आठवडे विसरणारा आता खोक्यांचा कारभारी आहे. परवा गंभीर चेहऱ्याने सांगून गेला, "बाई, पिवळा आधी संपतो. सुट्टीनंतर त्याची दोन खोकी लागतील. सगळे आकाशकंदीलच काढणार."

दुसरे खोके रिकामे करून ठेवले आहे.