अतिथी आणि अभ्यासक्रम

व्यापारी घरात मुलांच्या शिक्षणाची चर्चा बहुधा ठरावीक वळणांनीच जाते. मूल हिशेबात हुशार असेल तर सी.ए., बोलण्यात चतुर असेल तर एम.बी.ए., आणि यातले काहीच जमले नाही तर दुकानाची गादी आहेच. आदरातिथ्य आणि पर्यटन व्यवस्थापन हा विषय या यादीत सहसा येत नाही. आलाच, तर ‘हॉटेलातली नोकरी’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. सांगलीतील हळदीची अडत असलेल्या एका घरातही २०२१ साली असेच झाले असते. पण त्या घरातील मुलीने बारावीच्या निकालानंतर हाच विषय निवडला आणि शेवटपर्यंत आपला हट्ट सोडला नाही.

हे कुटुंब चार पिढ्यांपूर्वी गुजरातेतून येऊन सांगलीत स्थिरावलेले. घरातील बा, म्हणजे मुलीची आजी, आजही चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर त्यांच्या मुखात पाण्याचा थेंबही जात नाही. वडिलांचे आक्षेप तीन होते आणि तिन्ही वजनदार होते. पहिला व्यवहाराचा : टाळेबंदीत सर्वांत आधी हॉटेले बंद झाली आणि सर्वांत शेवटी उघडली, असा धंदा मुलीने का निवडावा? दुसरा प्रतिष्ठेचा : लोकांची उष्टी ताटे उचलायला शिकण्यासाठी तीन वर्षे फी भरायची काय? तिसरा आक्षेप धर्माचा होता आणि तो त्यांनी फारसा उच्चारलाही नाही, कारण स्वयंपाकघरात काय काय शिजते हे सर्वांनाच ठाऊक होते.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर बांनी दिले. “संघाच्या स्वामीवात्सल्यात तू अनवाणी पायांनी वाढतोस, तेव्हा कोणाची ताटे उचलतोस?” एवढेच त्यांनी मुलाला विचारले. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, आणि आपल्यासाठी सिद्ध केलेल्या अन्नातून त्याचा उचित वाटा काढणे म्हणजे संविभाग. हे व्रत मुळात साधू-साध्वींना निर्दोष आहार देण्याविषयीचे आहे. पैसे घेऊन दिलेल्या खोलीशी त्याची बरोबरी कोणी करू नये. तरीही आलेल्याची सेवा करण्याने माणूस लहान होतो, ही समजूत त्या व्रताच्या परंपरेत बसत नाही, एवढे मात्र निश्चित. वडिलांनी परवानगी दिली; पण पुढे वर्षभर नातेवाइकांनी विचारले की ते “मॅनेजमेंट करते” एवढेच सांगत आणि विषय बदलत.

पुण्यातील एका महाविद्यालयात तिचा अभ्यास सुरू झाला. हे शिक्षण नवे नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हॉटेल व्यवसायाचे विद्यालय १८९३ साली निघाले, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात या विषयाचे अध्यापन १९२२ साली सुरू झाले, आणि आपल्याकडे मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने पहिली संस्था उभी राहिली. अभ्यासक्रमाचे मुख्य खांब चार : पाहुण्याचे स्वागत व नोंदणी, खोल्यांची निगा, पाककला आणि भोजनसेवा. त्यांच्या जोडीला हिशेब, आहारशास्त्र, अन्नसुरक्षा, कायदा आणि प्रवासव्यवस्था. चादरीचा कोपरा कोणत्या कोनात दुमडावा इथपासून शंभर खोल्यांचा वर्षाचा अंदाजपत्रकीय आराखडा कसा मांडावा इथपर्यंत सारे शिकावे लागते.

वडिलांचे मन प्रथम वळले ते हिशेबामुळे. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. भाव पडला तर व्यापारी थांबू शके. हॉटेलच्या खोलीला ही सोय नाही. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. तिचे आजचे मोल कायमचे बुडाले. सुटीत घरी आलेल्या मुलीने वहीत मांडून दाखवले : शंभर खोल्यांपैकी साठ खोल्या चार हजारांनी गेल्या तर दिवसाचे उत्पन्न २,४०,०००, भाव उतरवून ऐंशी खोल्या ३,२०० रुपयांनी दिल्या तर २,५६,०००. म्हणजे सोळा हजारांचा फायदा. वडिलांनी वही जवळ ओढली आणि विचारले, “जास्तीच्या वीस खोल्यांची धुलाई, वीज, सकाळची न्याहारी कोण धरणार? खोलीमागे नऊशे धरले तरी अठरा हजार झाले. दोन हजार तोटाच की!” मुलगी हसली. वर्गात हाच प्रश्न आठवडाभर चालला होता. त्या दिवशी प्रथमच तिचे शिक्षण वडिलांना आपल्या पेढीच्या भाषेत ऐकू आले.

तिसरा आक्षेप मात्र एवढ्या सहज सुटणारा नव्हता. पहिल्याच वर्षी पाककलेच्या प्रात्यक्षिकात मासा साफ करणे आणि कोंबडीचे तुकडे करणे हे पाठ आले. मुलीने आपली अडचण शिक्षकांना स्पष्टपणे सांगितली. कंदमूळ खात नाही हे कळल्यावर “मग हळद कशी चालते?” असेही तिला विचारण्यात आले, आणि ओला कंद व सुकवलेली हळद यांतील भेद तिने वर्गापुढे नीट समजावून सांगितला. शिक्षक सज्जन होते. गटातील शाकाहारी पदार्थ तिच्याकडे सोपवण्यास त्यांची हरकत नव्हती, पण परीक्षेतील पदार्थ चिठ्ठी काढून ठरत, आणि त्या नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. तिच्या चिठ्ठीत माशाचा पदार्थ निघाला. तिने भाजी, भात आणि गोड पदार्थ केला, मासा केला नाही आणि त्या भागाचे गुण सोडून दिले. ती उत्तीर्ण झाली, पण वर्गात वरच्या क्रमांकात असणारी मुलगी त्या वर्षी मधल्या रांगेत गेली.

येथे एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ शाकाहारी पाककला शिकण्याचा पर्याय देशात उपलब्ध झालेला होता. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थांनी तो २०१८ पर्यंत देऊ केला होता. शिवाय ज्याला स्वयंपाकघर नकोच आहे त्याच्यासाठी पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची स्वतंत्र वाट आहे. ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेली केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून हेच शिक्षण देते. या घरात फीची चौकशी झाली, वसतिगृहाची झाली, मुलींच्या सुरक्षिततेची झाली. स्वयंपाकघरात नेमके काय करावे लागेल, हा प्रश्न मात्र संकोचाने कोणी विचारलाच नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नाची किंमत मुलीने गुणांत मोजली.

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या हॉटेलात प्रशिक्षणासाठी पाच महिने काढायचे होते. तिने स्वागतकक्ष मागून घेतला. पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. सूर्यास्तापूर्वी जेवायचे तर साडेपाचलाच उठावे लागे, आणि नेमका तोच पाहुण्यांच्या गर्दीचा वेळ. तिने वरिष्ठांकडे वीस मिनिटे मागितली आणि मोबदल्यात रात्रीच्या जेवणाची सुटी सोडून दिली. बहुतेक दिवशी ते जमले. काही दिवशी जमले नाही. त्यातल्या कित्येक रात्री ती तशीच निजली, आणि दोन-चार वेळा नियम मोडलाही. हे तिने बांना लपवून ठेवले नाही. बांनी रागावण्याऐवजी विचारले, “मोडला तेव्हा वाईट वाटले का?” ती हो म्हणाली. “मग तो अजून तुझ्याजवळ आहे,” असे म्हणून बांनी विषय संपवला.

खरी कसोटी जानेवारी २०२३ मध्ये आली, आणि तीही घरात. झारखंडमधील सम्मेतशिखर, जिथे चोवीसांपैकी वीस तीर्थंकर मोक्षाला गेले, तो पर्वत पर्यटनासाठी खुला होणार या भीतीने देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला होता. ५ जानेवारीला केंद्र सरकारने तेथील पर्यटन व निसर्ग-पर्यटनाच्या सर्व कामांना स्थगिती दिली. मुलगी त्या दिवसांत घरी आली होती. मोर्चातून परतलेल्या वडिलांनी जेवताना थेट विचारले, “तू शिकतेस ते हेच ना? पर्यटन?”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग शत्रुंजयाविषयी बोलू लागली. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून लोक वर जातात, पण रात्री डोंगरावर कोणी मुक्काम करीत नाही. वर कोणी अन्न खात नाही. चातुर्मासात चार महिने यात्रा बंद असते. हे नियम जीवदयेसाठी आणि तीर्थाची आशातना होऊ नये म्हणून घातले गेले. तिच्या पाठ्यपुस्तकात मात्र याच गोष्टीचे एक प्रकरण होते : धारणक्षमता, म्हणजे एखादे स्थान किती माणसे, किती वेळ आणि कोणत्या वर्तनासह सहन करू शकते याचा विचार. माणसे आणणे हा तिच्या शिक्षणाचा अर्धा भाग होता. कोणाला कुठे थांबवावे, हा उरलेला अर्धा. “हे ज्याने शिकलेले नाही त्याच्या हाती डोंगर गेला तर भीती आहे, पप्पा,” ती म्हणाली. वडिलांना ते पूर्णपणे पटले असे नाही. तीर्थाला व्यवस्थापनाची भाषा लावणे त्यांना आजही रुचत नाही, आणि त्यांच्या त्या अस्वस्थतेतही सत्य आहे. पण त्या रात्री ‘पर्यटन’ हा शब्द त्या घरात शिवी म्हणून उरला नाही.

२०२४ साली ती पदवीधर झाली. आता पुण्यातील एका हॉटेलात ती आरक्षण विभाग सांभाळते. गेल्या उन्हाळ्यात संघाची दीडशे माणसांची यात्रा निघाली, तेव्हा मुक्कामाची व्यवस्था तिच्याकडे आली. तिने आधी यादी केली : गुडघेदुखीचे किती, त्यांना तळमजल्याच्या खोल्या, एकासन कोणाचे, आयंबिल कोणाचे, उकळलेले पाणी किती लिटर आणि किती वाजता. धर्मशाळेत पोहोचल्यावर किल्ल्यांसाठी तासभर ताटकळणे ही यात्रेकरूंच्या अंगवळणी पडलेली गोष्ट; त्या दिवशी बस थांबण्यापूर्वीच प्रत्येकाला आपली खोली ठाऊक होती. आपल्या तीर्थांवर शेकडो धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. त्यांच्या बांधकामासाठी दान देणारे हात कमी नाहीत, पण त्या चालवण्यासाठी शिकलेल्या माणसाला योग्य पगार द्यावा असे फार थोड्या विश्वस्तांना वाटते. संगमरवर दानात येतो. वेळेवर मिळणारे गरम पाणी मात्र व्यवस्थेतून येते.

अलीकडे मार्केट यार्डातील एक-दोन व्यापारी आपल्या मुलांसाठी या वडिलांकडे चौकशीला येतात. ते शिफारसही करीत नाहीत आणि परावृत्तही करीत नाहीत. प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यायच्या तीन गोष्टी ते सांगतात : शाकाहारी प्रात्यक्षिकाचा पर्याय परीक्षेतही मिळतो का, मद्याच्या प्रकरणात केवळ लेखी अभ्यास आहे की चाखण्याची सक्ती आहे, आणि प्रशिक्षणात विभाग व पाळी निवडता येते का. मग ते चौथी गोष्ट सांगतात, जी महाविद्यालयाला नव्हे तर मुलालाच विचारायची असते : आपण काय सोडायला तयार आहोस आणि काय नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याने हा अभ्यास अवश्य करावा.