पान ५, पण कुठल्या विभागाचं?

वर्डमध्ये प्रबंधाचे विभाग पाडून प्रत्येकाचे क्रमांक १ पासून सुरू केले, की ‘पान ५’ एवढा पत्ता अपुरा पडतो. छापताना पानांच्या चौकटीत पी५एस३ असं रोमन लिपीत टाइप करावं: तिसऱ्या विभागाचं पाचवं पान. ही सोय चौकटीतच ठळक दिसायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. नाहीतर माणसं नको ती पानं छापून कागद वाया घालवतात.

कुणी म्हणेल, सलग क्रमांकच द्या ना! पण प्रस्तावना, ऋणनिर्देश बहुधा शेवटी लिहिले जातात. सलग क्रमांकांत तिथे दोन पानं वाढली, की मजकुरातला ‘पाहा, पान ४७’ हा हातानं टाइप केलेला प्रत्येक उल्लेख चुकतो. छापील ग्रंथांतही प्रारंभीच्या पानांना वेगळे क्रमांक देतात, ते उगाच नव्हे.