पकड आणि परीघ

लाकूड कातण्याच्या उद्योगात नव्याने पडलेला मनुष्य लेथ घेऊन झाला की त्यावर लाकूड पकडून ठेवणाऱ्या चकाच्या शोधार्थ बाहेर पडतो, आणि दुकानाच्या फळीवर ७५, १०० व १२५ मिलिमीटर व्यासांचे पोलादी चक ओळीने मांडलेले पाहिले म्हणजे त्याचा हात बहुधा सर्वांत मोठ्याकडे जातो. मोठा चक म्हणजे मोठी पकड आणि मोठी पकड म्हणजे निर्धास्तपणा, हे अनुमान त्याला इतके स्वयंसिद्ध वाटत असते की त्याची खातरजमा करून घेण्याचे प्रयोजनच त्याला दिसत नाही. मला मात्र हे अनुमान मुळातच सदोष वाटते, आणि ते तसे का वाटते हे सांगायचे तर चकाची रचनाच थोडी उलगडावी लागेल.

चकाच्या धडात सर्पिल आट्यांची एक चकती बसवलेली असते; किल्ली फिरवली की ती चकती फिरते आणि चारही जबडे एकाच वेळी, सारख्याच अंतराने, केंद्राकडे सरकतात किंवा केंद्रापासून दूर जातात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या सायमन फेअरमन यांनी १८४० साली या युक्तीचे पेटंट घेतले. चकावर कोरलेला आकडा या धडाच्या व्यासाचा असतो. परंतु लाकडाचा आणि धडाचा प्रत्यक्ष संबंध कधी येतच नाही. लाकडावर अंमल चालतो तो धडावर स्क्रूंनी बसवलेल्या जबड्यांचा, आणि जबडे बदलता येतात. एकाच १०० मिलिमीटरच्या धडावर लहान वाटीसाठी ५० मिलिमीटरचे आणि रुंद परातीसाठी १०० मिलिमीटरचे जबडे चढवता येत असतील, तर माप ठरवताना धडाचा आकडा धरून बसण्यात फारसे हशील नाही.

जबड्यांच्या बाबतीत जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांच्या घडणीत दडलेली आहे. कारखान्यात प्रथम पोलादाचे एक अखंड कडे कातून गोल करतात आणि मग करवतीने त्याचे चार भाग पाडतात; अर्थात करवतीच्या पात्याने जेवढे पोलाद खाल्ले तेवढीच फट जबड्याजबड्यांत राखली, तरच ते मूळचे वर्तुळ पुन्हा सिद्ध होते, आणि असे वर्तुळ जबड्यांच्या प्रत्येक संचाला एकच असते. लाकडाच्या बुडाशी कातून ठेवलेला खुंट त्या वर्तुळाहून लहान असला तर प्रत्येक जबडा केवळ आपल्या मध्यभागी टेकतो; मोठा असला तर जबड्यांचे आठ कोपरे तेवढे लाकडात रुततात आणि बाकीचे पोलाद अधांतरी राहते. लोखंडाच्या दांड्याला हे कोपरे सोसतात, पण लाकडाचे तंतू त्यांच्याखाली चेपले जातात, खुंट सैल होतो, आणि किल्ली आणखी आवळावी तो तो तंतू अधिकच चिरडत जातात. म्हणून माझा शिरस्ता असा की जबडे त्या फटीइतके उघडून आतला व्यास कॅलिपरने एकदाच मोजायचा, तो लेथशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवायचा, आणि खुंट त्याच मापाला कातायचा. खुंटाचे टोक चकाच्या तळाला भिडू द्यायचे नाही. खुंटाभोवतीचा सपाट खांदाच जबड्यांच्या माथ्यावर टेकला पाहिजे, कारण वाडगा डगमगू न देण्याचे निम्मे काम तो खांदा करतो. आडव्या रेषेच्या लाकडात तंतू हळूहळू दबत राहतात, यास्तव थोडे काम झाल्यावर यंत्र थांबवून पकड पुन्हा एकवार तपासावी.

पकडीच्या मापाला लाकूड आणण्याची हीच शिस्त अन्यत्रही दिसते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कातारी काळ्या कुड्याची, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या हालेची, खेळणी कातताना लाकडाचे टोक यंत्राच्या पोकळ तोंडात हातोडीने ठोकून बसवतात. तेथे सरकणारे जबडे नाहीत की किल्ली नाही. लाकूडच त्या तोंडाच्या मापाचे करून घ्यायचे. ही पद्धत मला चकाच्या यथार्थ उपयोगाचे मूळ वाटते.

खुंट केवढा असावा याचा ढोबळ हिशोब असा की वाडग्याच्या व्यासाच्या एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश; १५० मिलिमीटरच्या वाडग्याला ५० ते ६०, आणि २५० मिलिमीटरच्या वाडग्याला ८० ते १००. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या २५० मिलिमीटरच्या वाडग्याची कड ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावत असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हिशोबात काटकसर करण्याची इच्छा होत नाही.

धडाचा विचार करायचा तो लेथच्या दृष्टीने. १०० मिलिमीटरचा चक दोन-तीन किलो भरतो, त्याहून मोठा चार किलोच्या आसपास जातो. एवढा भार लहान यंत्राच्या स्पिंडलवर पुढे लोंबकळत राहिला तर बेअरिंगांवर ताण येतो आणि पटाशीखाली कंप जाणवू लागतो. २५० ते ३०० मिलिमीटर व्यासाचे काम घेणाऱ्या लेथला ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चक पुरेसा आहे, असे मी निःसंकोच सांगतो. खरेदीपूर्वी स्पिंडलचे आटेही पाहावेत. लहान यंत्रांवर बहुधा एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे असतात, मोठ्यांवर सव्वा इंच किंवा ३३ मिलिमीटर.

खुंट जबड्यांच्या वर्तुळाच्या मापालाच कातण्याच्या नियमाला मी स्वतः एक अपवाद करतो, तो ओल्या लाकडापुरता. ताज्या तोडीच्या आंब्याचा वाडगा प्रथम व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतका जाड ठेवून वाळत घालावा लागतो, आणि वाळताना लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नसल्यामुळे वाडग्यासह खुंटही लंबगोल होतो. म्हणून १०० मिलिमीटरच्या जबड्यांसाठी मी खुंट ११० चा ठेवतो. पहिल्या फेरीत जबड्यांचे कोपरे रुततात ते रुतू देतो, वेग मंद राखतो, आणि वाळल्यावर वाडगा दोन टोकांमध्ये धरून खुंट पुन्हा गोल करतो, तेव्हा ते रुतल्याचे व्रण छिलक्यांबरोबर निघून जातात आणि खुंट भिंतीवरल्या मापाला येतो.